बंबाला ब्रेक नसेल तर गुन्हेगार कोण?

कायदा सर्वांना समान आहे, असे आपण म्हणतो. पण कायदा मोडण्याचा हुकूम सरकारी कार्यालयातूनच सुटत असेल, तर शिक्षा कोणाला व्हावी? अग्निशमन दलाच्या वाहनचालकापुढे हा प्रश्न पुस्तकी नाही. कॉल येतो, घंटा वाजते, अधिकारी म्हणतो, 'बंब काढ!' बंबाचे पासिंग संपलेले आहे, ब्रेक नीट लागत नाहीत, हे चालकाला ठाऊक असते. अधिकाऱ्यालाही ठाऊक असते. बंब काढला तर मोटार वाहन कायद्याचा भंग होतो. नाही काढला तर हुकूम मोडला म्हणून निलंबन, आणि तिकडे माणसे होरपळतात ती वेगळीच. या कोंडीत सापडलेल्या कामगाराच्या बाजूने कायदा काय बोलतो, हे तपासणे आवश्यक आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'सरकारी गाडीला पासिंग लागत नाही' असे नगरपालिकांच्या आवारात छातीठोकपणे सांगितले जाते. ते खोटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ ने केवळ पोलीस, अग्निशमन वा रुग्णवाहिकेच्या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनांना परमिटमधून सूट दिली आहे. पण परमिट वेगळे आणि फिटनेस वेगळे. कलम ५६ प्रमाणे परिवहन वाहनाकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर त्याची नोंदणीच वैध मानली जात नाही. आणि केंद्र सरकारच्या २००४ च्या अधिसूचनेने अग्निशमन वाहनांना परिवहन वाहनांच्याच यादीत बसवले आहे. म्हणजे मालवाहू ट्रकवाल्याला जी तपासणी चुकत नाही, ती बंबालाही चुकत नाही. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी व्हायला हवी. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी कॉलवर निघालेल्या बंबाला काळजी घेऊन लाल दिवा आणि वेगमर्यादा ओलांडण्याची मुभा दिली आहे. वेगाची सवलत आहे, ब्रेकची नाही!

त्यात १ एप्रिल २०२३ पासून आणखी एका नियमाची भर पडली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ५२-अ प्रमाणे शासन, महानगरपालिका, नगरपालिका आदींच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरण करता येणार नाही, असे ठरले. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशेष वाहनांना त्यातून वगळले गेले. अग्निशमन दलाचे नाव मात्र त्या अपवादात घातले गेले नाही. परिणामी काही राज्यांत केंद्रांतील जुने बंब जागेवर उभे राहिले आणि त्यांच्या बदली नवे आलेच नव्हते. दिल्लीत नियम झाला, पण गावच्या केंद्रात बंब कोठून येणार, याचे उत्तर कोणी दिले नाही.

यावर अधिकाऱ्यांचा ठरलेला युक्तिवाद असतो: 'बंब फिरतो तरी किती? किलोमीटर बघा, गाडी नव्यासारखी आहे.' हा युक्तिवाद फसवा आहे. साडेचार हजार लिटरचा बंब घेतला, तर पाण्याचेच वजन साडेचार टन होते. टाकी रात्रंदिवस भरलेली ठेवावी लागते. म्हणजे गाडी उभी असतानाही पाटे आणि टायर हा भार चोवीस तास सोसत असतात. टायरचे रबर किलोमीटरने नव्हे, तर वर्षांनीही मरते. आगीच्या ठिकाणी गाडी जागेवर उभी राहून तासन् तास पंप चालवते. इंजिन झिजते, पण मीटर हलत नाही. टाकी अर्धी रिकामी झाली की वळणावर पाणी एका बाजूला धावते आणि गाडी कलंडू पाहते. अशा गाडीचे ब्रेक कच्चे असणे म्हणजे आग विझवायला जाताना वाटेत दुसरे मरण पेरणे आहे.

आता मूळ प्रश्न. अपघात झाला तर गुन्हा कोणावर? आपल्याकडे पहिला गुन्हा स्टिअरिंगवर बसलेल्या माणसावर दाखल होतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचे कलम, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, त्याच्याच नावावर लागते. जुन्या दंड संहितेत या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे. त्या सीटवर बसणारा माणूस कोणत्या वस्तीतून आलेला असतो, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. तो कंत्राटी असेल तर निलंबनाचाही खर्च नाही. दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नको, एवढे सांगितले की संपले.

परंतु मोटार वाहन कायद्याचे कलम १९० नीट वाचा. दोष असलेले, धोकादायक वाहन जो चालवतो त्याच्याबरोबरच, जो ते चालवायला लावतो किंवा चालवू देतो, तोही त्या कलमाखाली गुन्हेगार आहे. दोष माहीत असणे एवढीच अट नाही. साधी काळजी घेतली असती तर जो दोष कळला असता, तोही चालतो. म्हणजे 'मला कल्पना नव्हती' हा साहेबांचा बचाव कायद्याने आधीच बंद केला आहे. कायदा अपुरा नाही. तो वरच्या खुर्चीवर लावण्याची इच्छाशक्ती नाही!

चालकाला 'साहेबांचा हुकूम होता' एवढे म्हणून सुटता येईल काय? तेवढ्यावर नाही. वरिष्ठाच्या हुकमाने केलेले कृत्य माफ होते, ते हुकूम कायद्याला धरून असेल तरच. संहितेच्या कलम १४ खालील सैनिकाचे उदाहरण हेच सांगते. २०११ मध्ये प्रकाश कदम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्युरेंबर्ग खटल्यांचा दाखला देऊन 'हुकूम म्हणजे हुकूम' हा बचाव फेटाळला. तो खटला बनावट चकमकीचा होता. माणसे मारायला निघालेला आणि वाचवायला निघालेला यांना एका मापाने मोजता येणार नाही. पण तत्त्व एकच आहे: बेकायदा हुकूम सहीशिक्क्याने कायदेशीर होत नाही.

चालकाला खरा आधार दुसऱ्या कलमात आहे. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतूशिवाय, सद्भावनेने केलेले कृत्य कलम १९ प्रमाणे गुन्हा ठरत नाही. त्या कलमाचे एक उदाहरण आगीचेच आहे: वणवा पसरू नये म्हणून घरे पाडणारा माणूस. अट एवढीच की संकट खरोखर समोर उभे असले पाहिजे. इमारत पेटली आहे, दुसरा बंब नाही, आणि चालकाने जपून, वेग आवरून गाडी नेली, तर हे कलम त्याच्या बाजूने मांडता येते. अधिकाऱ्यांना मात्र त्याआड लपता येणार नाही. आग अचानक लागते. पासिंग अचानक संपत नाही. त्याची तारीख कागदावर आधीपासून लिहिलेली असते. वर्षानुवर्षे दुरुस्तीची फाईल दाबून ठेवायची आणि मग 'आणीबाणी होती' म्हणायचे, याला नाइलाज म्हणत नाहीत.

म्हणून अग्निशमन कामगारांना आमचे सांगणे आहे. दोष दिसला की त्याच दिवशी लॉगबुकमध्ये नोंदवा. पण तेवढ्यावर थांबू नका. नुसती नोंद उलटूही शकते. 'तुला माहीत होते' असा तोच पुरावा बनतो. म्हणून लेखी अर्ज वर पाठवा आणि पोच घ्या. तोंडी हुकूम मिळाला तर तो लेखी मागा. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत तोंडी आदेशाला लेखी दुजोरा देणे हे वरिष्ठाचे कर्तव्यच ठरवले आहे. आपापल्या सेवानियमांत त्यासारखी तरतूद शोधा. नसेल तर संघटनेने ती मागून घ्यावी. कॉल आल्यावर दारात वाद घालण्याची वेळच येऊ नये, यासाठी ही लढाई शांततेच्या दिवसांत लढायची असते.

शासनाकडेही मागण्या स्पष्ट हव्यात. प्रत्येक अग्निशमन वाहनाची पासिंगची तारीख केंद्राच्या दारावर लावा. एक गाडी पासिंगला वा दुरुस्तीला गेली तर बदली गाडी सक्तीची करा. जुन्या गाडीच्या निर्लेखनाआधी नवी गाडी दारात उभी करा. बिनपासिंगच्या बंबाचा अपघात झाल्यास कलम १९० खाली मुख्याधिकारी वा आयुक्तांची चौकशी आधी करा. पैसा नाही, ही सबब पुरणार नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत नोंदवली आहे, आणि राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटी रुपयांची योजना आणली. त्यातले आपल्या गावात किती आले, हे माहितीच्या अधिकारात विचारा.

१४ एप्रिल हा दिवस आपण वेगळ्या कारणाने साजरा करतो. १९४४ साली याच दिवशी मुंबई गोदीच्या स्फोटात ६६ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले, म्हणून देशभर हा अग्निशमन सेवा दिनही असतो. त्या दिवशी साहेब मंडळी हुतात्म्यांना पुष्पचक्रे वाहतील, भाषणे देतील. तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या बंबाकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारा: साहेब, याचे पासिंग कधी झाले?