क्षयरोगाच्या दोन नोंदवह्या

चरकसंहितेंत क्षयास राजयक्ष्मा म्हटलें आहे. नक्षत्रांचा राजा जो चंद्र, त्यास हा रोग प्रथम जडला, अशी त्या नांवाची एक उपपत्ति तेथें दिलेली आहे. थोरले माधवराव पेशवे याच रोगानें थेऊर येथें कार्तिक वद्य ८ शके १६९४ (१८ नोव्हेंबर १७७२) रोजीं वारले. थोरांच्या दुखण्याची हकीकत अशी लेखनिविष्ट होऊन राहिली. सामान्य रयतेचें दुखणें मात्र लिहून ठेवण्याची सोय त्या काळीं नव्हती. आज ती आहे. तथापि तें लेखन कसें वाचावें, याचा थोडा विचार येथें करूं.

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांतील बोरी गांवाचें उदाहरण घेऊं. अशा गांवीं कोणी मयत झाल्यास १९६९ च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्यान्वयें २१ दिवसांचे आंत ग्रामपंचायतीकडे वर्दी द्यावी लागते. मृत्यु घरींच झाला व वैद्याचा दाखला नसला, तर कारण आप्त सांगतील तेंच वहींत उतरतें. 'खोकला' किंवा 'दम' या शब्दांआड क्षय सहज लपतो.

दुसरी वही आरोग्यखात्याची. क्षयाचा प्रत्येक रोगी, मग तो खाजगी वैद्याचा असला तरी, सरकारास कळविलाच पाहिजे, असा आदेश केंद्र सरकारनें ७ मे २०१२ रोजीं काढला. त्याच वर्षीं सुरू झालेल्या 'निक्षय' या संगणकीय नोंदींत प्रत्येकास स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यामुळें रोगी ऊसतोडीस परमुलखीं गेला तरी त्याचा माग लागूं शकतो.

आतां दोन्ही वह्यांतील मृत्यूंचे आंकडे जुळत नाहींत, यांत नवल नाहीं. उपचार चालू असतां रोगी अपघातानें गेला तरी दुसऱ्या वहींत 'मृत्यु' असाच शेरा पडतो. उलट, क्षयी रोग्यास एच्. आय्. व्ही. ची बाधा असल्यास आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत मृत्यूचें मूळ कारण तीच बाधा धरतात. म्हणून एका पोथीवरून दुसरी खोटी ठरविण्यापूर्वीं प्रत्येक लेखकाचा संकेत पाहावा, हाच न्याय येथेंही लागू आहे.

परंतु पहिल्या वहींत क्षयानें मृत म्हणून असलेलें नांव दुसरींत मुळींच नसेल, तर ती गळती गंभीर समजावी. त्या रोग्याचा उपचार कदाचित् झालाच नाहीं, आणि त्याच्या घरच्या माणसांची तपासणीही बहुधा राहिली. दोन्ही वह्या दरमहा ताडून पाहिल्यास त्या घरीं वेळेवर जातां येईल.