एकाने केलं की बाकीचे सुटले?

मुंबईच्या रे रोड परिसरातल्या नारियलवाडी कब्रस्तानाकडे जनाजा निघाला की रस्त्यावरची माणसं हातातलं काम ठेवून पुढे येतात, चार पावलं खांदा देतात आणि आपल्या वाटेला लागतात. मयताचं नावही कित्येकांना ठाऊक नसतं. ही माणुसकी आहेच, पण तिला इस्लामी कायद्याचाही आधार आहे, आणि त्याविषयी मुसलमानांतही गैरसमज आहेत.

फर्ज, म्हणजे बंधनकारक कर्तव्य, दोन प्रकारचे. फर्ज-ए-ऐन ज्याचा त्याने पार पाडायचा: पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, ऐपत असेल तर जकात आणि हज. भावाची नमाज भावाला पढता येत नाही. फर्ज-ए-किफाया सगळ्या समाजावर मिळून असतो: मय्यतीला गुस्ल म्हणजे अंघोळ, कफन, जनाज्याची नमाज, दफन. पुरेशा लोकांनी हे केलं की इतरांवरचा भार उतरतो.

यावरूनच ‘किफाया म्हणजे मर्जीचा मामला’ असं काही जण धरून चालतात. हे साफ चूक आहे. कोणीच उठलं नाही, तर ज्यांना खबर होती आणि जमण्यासारखं होतं ते सगळेच गुनाहगार ठरतात. रे रोडजवळच्या दारूखाना भागातल्या गोदामात राबणारा परमुलखातला कामगार दगावला आणि जवळचं कोणी नसलं, तर त्याची मय्यत अख्ख्या मोहल्ल्याची होते. मला तर हा फर्ज ऐनपेक्षा अवघड वाटतो, कारण इथे शेजाऱ्याने काय केलं तेही बघावं लागतं.

हा फर्ज कसा निभावला जातो हे २०२० मध्ये मुंबईने पाहिलं. ३० मार्चला महापालिकेने कोविडच्या मृतांचं, धर्म कोणताही असो, दहनच करावं असं परिपत्रक काढलं. काही तासांतच ते बदललं. पण दफनाची मुभा मिळाली तरी घरचे विलगीकरणात होते. मग मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानाचे मोजके स्वयंसेवक रुग्णालयांतून मृतदेह आणून दफन करू लागले. ज्यांचं कोणी पुढे येत नव्हतं अशा हिंदू मृतांनाही त्यांनी स्मशानात पोहोचवलं.

नियम सगळीकडे एकच, हीसुद्धा समजूत खरी नाही. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई कायदा-परंपरेचे. मयत समोर नसताना जनाज्याची नमाज त्यांच्यात चालते, हनफी परंपरेत नाही. शिया या नमाजेत पाच तकबीर (‘अल्लाहू अकबर’) म्हणतात, सुन्नी सहसा चार.

आणि किफाया फक्त मय्यतीपुरता? ११११ मध्ये वारलेल्या इमाम गझालींनी वैद्यक, हिशेब, शेती, विणकाम, शिवणकामही त्यात मोजलं. कितीतरी गावांत मुसलमान वैद्य नाही आणि जो तो फिकह, म्हणजे धर्मकायदा, शिकायला धावतो, अशी त्यांची तक्रार होती. ती आजही, मय्यतीच्या कामातसुद्धा, लागू पडते. बाईच्या मय्यतीला गुस्ल सहसा बायकांनीच द्यायचा. म्हणजे मोहल्ल्यातल्या चार जणींनी तो रीतसर शिकून ठेवणं हाही किफायाच.