सगळ्यात हळू चालणारी पुढे!

फ्रान्स म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पॅरिस आणि आयफेल टॉवरच येतो. पण या देशाच्या दक्षिणेला, मार्सेय आणि कासिसच्या मधे, भूमध्य समुद्राला लागून पांढऱ्या चुनखडकाचे उंच कडे आहेत. त्यांच्यामधून समुद्र चिंचोळ्या खाडीसारखा आत घुसतो. या खाड्यांना तिथे 'कालांक' म्हणतात. २०१२ पासून हा भाग राष्ट्रीय उद्यान आहे.

लेकीकडे मार्सेयला गेले असताना तिच्या ओळखीच्या बायकांबरोबर दिवसभराच्या पायी सहलीला गेले. आम्ही नऊजणी. मी अठ्ठावन्न वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. साठीच्या गटप्रमुख बाईंनी निघण्याआधी प्रत्येकीचे बूट आणि पाण्याच्या बाटल्या तपासल्या. वाटेत प्यायचं पाणी मिळत नाही. मग म्हणाल्या, "सगळ्यात हळू चालणारी पुढे." म्हणजे मी!

कासिसहून पहिली खाडी पोर-मिऊ, बोटींनी भरलेली. पुढची पोर-पँ, पाइनच्या झाडांची. आपल्या कोकणासारखी भरती-ओहोटी इथे जवळजवळ दिसतच नाही. पाणी मात्र तळ दिसेल इतकं नितळ.

तिसऱ्या आँ-व्होच्या खाडीत उतरायची वाट उभी. हजारो पावलांनी दगड गुळगुळीत झालेले. सवयीने मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." गडाच्या पायथ्याशी पिशव्या सांभाळत किती वेळा बसलेय मी! लेकीने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. बाई म्हणाल्या, "उतरलो तर सगळ्या, नाहीतर कुणीच नाही." क्षणभर सगळ्या गप्प. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मागून दोघी हळूच म्हणाल्या, "आम्हालाही भीतीच वाटत होती."

मग वरूनच ती हिरवी-निळी खाडी डोळे भरून पाहिली आणि परत पोर-पँला येऊन पाण्यात डुंबलो. घरून नेलेले मेथीचे ठेपले हातोहात संपले.

कुणाला जायचं असेल तर एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे वाटा कधीही बंद होतात. आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. सुजितोंच्या खाडीसाठी २०२२ पासून गर्दीच्या दिवसांत आधी मोफत नोंदणी करावी लागते.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या भिशीची सहल सिंहगडावर जाईल, तेव्हा मागे राहणारीला एकदा पुढे चालायला लावून बघा. गट मोडत नाही, उलट गप्पा जास्त रंगतात.