नाण्यांचे गुण

जुन्या नाण्यांनाही परीक्षेप्रमाणे गुण मिळतात, हे वाचून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तांब्याच्या जुन्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी योजिली. १९८६ पासून तेथील व्यावसायिक पारखी नाण्यास गुण देऊन ते प्लास्टिकच्या डबीत बंद करू लागले. परंतु डबी फोडून तेच नाणे पुन्हा पाठविल्यास कधी ६४चे ६५ होतात, कधी ६३! झीज सहज ओळखू येते. झळाळी व सूक्ष्म ओरखडे यांचा तोल मात्र पाहणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून असतो. एवढ्याशा फरकाने काही नाण्यांची किंमत अनेक पटींनी बदलते. उत्तरपत्रिका तपासताना आम्हां शिक्षकांचाही हात असाच कमीजास्त होतो. यास्तव संग्राहकाने आधी नाणे निरखावे, मग अंक वाचावा.