वळणदार जिना आणि काचेचा कठडा : सौंदर्यामागील भारगणित

नव्या बंगल्यांत व दुमजली सदनिकांत गोलाईने वर जाणारा, खाली खांब नसलेला आणि कडेला पारदर्शक काच असलेला जिना आता हौसेने बांधला जातो. त्याची निवड बहुधा छायाचित्र पाहून होते आणि खर्च सजावटीत धरला जातो. वस्तुतः घरातील सर्वांत गुंतागुंतीच्या संरचनांपैकी ती एक होय. त्याच कठड्याला लहान मुले टेकतात आणि वृद्ध त्याचा आधार घेतात. म्हणून त्यामागील अभियांत्रिकी घरमालकानेही समजून घेणे अगत्याचे आहे.

वळणाने येणारा पीळ

सरळ जिन्यात भार दोन टोकांच्या आधारांना जोडणाऱ्या रेषेवरच पडतो. जिना तुळईप्रमाणे वाकतो आणि भार दोन्ही टोकांकडे जातो. वळणदार जिन्याचे तसे नाही. उदाहरणार्थ, 3 मीटर उंची चढताना अर्धवर्तुळ घेणारा, आतील त्रिज्या 1 मीटर व रुंदी 1 मीटर असलेला जिना घेऊ. माणसांच्या भारासाठी आयएस 875 या मानकाच्या दुसऱ्या भागात (1987) निवासी जिन्याकरिता दर चौरस मीटरला 3 किलोन्यूटन हे मूल्य दिलेले आहे. त्यानुसार या जिन्यावर सुमारे 1.4 टन भार धरावा लागतो. हा भार दोन टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून सुमारे 1 मीटर बाहेर एकवटतो. परिणामी जिना केवळ वाकत नाही, तर बाहेरच्या बाजूला कलंडू पाहतो व त्याला पीळ पडतो.

हा पीळ पेलण्यासाठी दोन्ही टोके मजल्यांच्या तुळयांत घट्ट जखडलेली असावी लागतात आणि त्या तुळयाही त्या भाराकरिता आखलेल्या असाव्या लागतात. पोलादी जिन्यात उघड्या पट्टीपेक्षा किंवा आय आकाराच्या तुळईपेक्षा पेटीसारखा बंद, पोकळ छेद पिळाला कितीतरी अधिक दाद देतो. काँक्रीटच्या जिन्यात वर व खाली दोन्ही थरांत सळ्या आणि त्यांना वेढणाऱ्या बंद रिंगा लागतात. सरळ जिन्याच्या सळ्यांचा आराखडा वळणाला तसाच वापरणे धोक्याचे ठरते.

खांबाविना गोल जिना ही कल्पना नवी नाही. इंग्लंडमध्ये ग्रिनिच येथील क्वीन्स हाउस या राजनिवासातील इनिगो जोन्स यांचा सतराव्या शतकातील जिना प्रसिद्ध आहे. तेथे प्रत्येक दगडी पायरीचे एक टोक भिंतीत रोवलेले असून ती खालच्या पायरीवर टेकलेली आहे. तेथे पीळ भिंत झेलते. दिवाणखान्यातील मोकळ्या जिन्याला अशी भिंत नसते.

काचेवरील जोर

काचेचा कठडा जिन्याचा भार उचलत नाही. उलट तो भार वाढवतो. 8 मिलिमीटरच्या दोन थरांची काच दर चौरस मीटरला सुमारे 40 किलो भरते. वरील जिन्याच्या बाहेरच्या कडेला 1 मीटर उंचीची अशी काच लावल्यास सुमारे 250 किलो वजन नेमके पीळ वाढवणाऱ्या बाजूला येते.

त्याखेरीज माणसाच्या रेट्याचा विचार करावा लागतो. त्याच मानकानुसार खाजगी घरातील जिन्याच्या कठड्यावर दर मीटर लांबीला 0.35, तर इतर जिन्यांच्या कठड्यावर 0.75 किलोन्यूटन आडवा जोर धरतात. समारंभाच्या दिवशी घरातील जिनाही गर्दीचाच होतो. म्हणून मोठे मूल्य धरणे श्रेयस्कर. हा जोर 1 मीटर उंचीवर लागला आणि काच खाली केवळ 10 सेंटिमीटर खोल खोबणीत धरलेली असली, तर तरफेच्या न्यायाने खोबणीवर सुमारे दहापट ताण येतो. म्हणूनच काचेपेक्षा तिचा पाया व बोल्ट यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

फुटल्यानंतर काय?

पोलाद तुटण्यापूर्वी वाकून सूचना देते; काच देत नाही. टफन्ड काच साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट असते, पण फुटली की तिचे बारीक तुकडे होऊन कठडाच नाहीसा होतो. काचेत राहून गेलेल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणामुळे ती क्वचित आपोआपही फुटते. हीट सोक चाचणीत काच भट्टीत तापवून सदोष नग आधीच फोडून काढले जातात.

म्हणून कठड्यासाठी दोन थरांमध्ये चिवट पटल असलेली लॅमिनेटेड काच वापरणे इष्ट. एक थर फुटला तरी दुसरा उभा राहतो. दोन्ही फुटल्यास मात्र साधे पटल ओल्या कापडासारखे लवू शकते आणि उष्णतेत अधिक मऊ पडते. त्यामुळे काचेच्या माथ्यावरून सलग जाणारा व टोकांना स्वतंत्रपणे बांधलेला हातकठडा असणे आवश्यक आहे.

मापाचा क्रम आणि जबाबदारी

टफन्ड काच नंतर कापता वा भोकता येत नाही. म्हणून जिना पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष मापे घेऊन मगच वक्र काच तयार करवून घ्यावी. काच व धातू यांचा थेट स्पर्श टाळून मध्ये रबरी पट्टी घालावी, अन्यथा जिन्याच्या किंचित हालचालीनेही काचेची कड तडकू शकते.

2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याच्या पायरीची किमान रुंदी 250 मिलिमीटर आणि कमाल उंची 190 मिलिमीटर सांगितली आहे. वरील जिन्यात 17 पायऱ्या धरल्या तर मध्यरेषेवर रुंदी सुमारे 277 मिलिमीटर मिळते. आतील कडेला मात्र ती 185 वर येते. उतरताना पाऊल घसरते ते येथेच, आणि त्या क्षणी हात कठड्याकडेच जातो.

संहिता ही शिफारस असते; स्थानिक नियमांत तिचा समावेश झाल्यावरच ती बंधनकारक होते. तोपर्यंत संरचना अभियंत्याची लेखी गणना, काचेवरील मानकचिन्ह आणि बोल्टचा तपशील या तीन गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी मागून घेणे, हाच घरमालकाच्या हाती असलेला सुरक्षिततेचा मार्ग आहे. एकूण बांधकामाच्या तुलनेत हा खर्च अल्प असतो. तो वाचवण्याची किंमत मात्र एखाद्या लहान मुलाला मोजावी लागू शकते.