उन्हाळी प्रवास आणि बारा किलोंचे शरीर

भूगोलाच्या व्याख्येनुसार वाशीम जिल्हा वाळवंटात मोडत नाही. वर्षाकाठी २५० मिलिमीटरहून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशाला सामान्यतः वाळवंट म्हटले जाते आणि वाशीमला सरासरीने आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस मिळतो. परंतु तो बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडून जातो, तूर आणि हरभरा निघाल्यावर नांगरून ठेवलेली काळी शेते उघडी पडतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या हवेची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण, अनेकदा २० टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपते. या दोन महिन्यांपुरते तरी येथील हवेचे वागणे वाळवंटाच्या हवेसारखेच असते. शाळांच्या सुट्ट्या, लग्नसराई, मामाच्या गावची फेरी, लहानग्यांची जावळे, पोहरादेवी, कारंजा आणि शिरपूर जैन येथील दर्शने असा घरोघरचा प्रवासही नेमका याच काळात होतो, आणि त्या प्रवासातला सर्वांत लहान प्रवासी उष्णतेच्या हिशेबात मोठ्यांपेक्षा मुळातच वेगळा असतो.

रस्ता निवडण्यापासून हा हिशेब सुरू होतो. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पठारावर वसलेले आहे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील अकोला २८० मीटरांच्या आसपास आहे. कोरडी हवा खाली उतरताना दाबली जाऊन दर शंभर मीटरमागे जवळपास एक अंशाने तापते. त्यामुळे मालेगाव, मेडशी करत पातूरचा घाट उतरणारी गाडी एकाच दुपारी सुमारे अडीच अंश अधिक उष्ण हवेत प्रवेश करते. वाशीममध्ये ४२ अंश असताना निघालेले कुटुंब अकोल्यात ४४ अंशांच्या वर पोहोचते, आणि भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात पारा ४५ अंशांवर गेला की सरासरी काहीही असली तरी ती उष्णतेची लाट मानली जाते.

हवामान विभागाचा आकडा ज्या तापमापकावर वाचला जातो तो लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवलेला असतो. दोन वर्षांच्या मुलाची उंची मात्र ८५ सेंटिमीटरच्या आसपास असते. दुपारी काळी जमीन, डांबर आणि सिमेंटचे फरसे हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात, त्यांच्यालगतच्या हवेचा थरही वरच्या थरांपेक्षा उष्ण असतो, आणि बसस्थानकाच्या आवारात आईचे बोट धरून उभे असलेले मूल याच खालच्या थरात श्वास घेत असते. वर्तमानपत्रात छापलेले तापमान त्यामुळे त्याच्यासाठी कमीत कमी तापमान समजावे, हे बरे.

खरा फरक मात्र शरीराच्या आकारमानात आहे. बारा किलो वजनाच्या मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ साधारण ०.५४ चौरस मीटर, म्हणजे दर किलोमागे ४५० चौरस सेंटिमीटर भरते. साठ किलोच्या प्रौढ व्यक्तीत हेच प्रमाण २७० च्या आसपास असते. हिवाळ्यात या मोठ्या पृष्ठभागातून उष्णता झपाट्याने बाहेर जाते म्हणून बाळाला गुंडाळावे लागते, आणि हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा, अधिक तापली की हाच पृष्ठभाग उलट दिशेने काम करून बाहेरची उष्णता आत घेऊ लागतो. शिवाय मानवी शरीराचे तापमान एका अंशाने वाढवायला दर किलोमागे सुमारे ०.८३ किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे बारा किलोच्या मुलाला जेमतेम १० आणि साठ किलोच्या माणसाला ५० किलोकॅलरी. स्वस्थ बसलेल्या अशा मुलाच्या शरीरात केवळ जगण्याच्या क्रियांतून तासाला सुमारे २७ किलोकॅलरी उष्णता निर्माण होते. ती बाहेर टाकण्याचे सर्व मार्ग बंद झाले असे क्षणभर मानले, तर बाहेरून काहीही न मिळता एका तासात मुलाचे तापमान अडीच अंशांहून अधिक वाढेल आणि शेजारी बसलेल्या वडिलांचे जेमतेम सव्वा अंशाने. बाहेरचे ऊन या हिशेबात धरले की ही तफावत आणखी वाढते. ‘आम्हाला तर एवढं काही गरम होत नाही’ हे मोठ्यांचे म्हणणे प्रामाणिक असते, पण ते मुलाच्या शरीराविषयी काहीही सांगत नाही.

अशा हवेत शरीर थंड ठेवण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची जी उष्णता शोषून घेतो तिला बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतात, आणि त्वचेवरील एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर शरीरातील सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. या हिशेबाने वरील मुलाला नुसती स्वतःची उष्णता टाकण्यासाठी तासाला ४५ ते ५० मिलिलिटर पाणी खर्चावे लागते आणि उष्ण हवेचा भार धरला की ही गरज दुपटीपर्यंतही जाऊ शकते. मुलाच्या त्वचेवर घर्मग्रंथी दाट असतात, परंतु प्रत्येक ग्रंथीतून पाझरणारा घाम मोठ्यांपेक्षा बराच कमी असतो. त्यातच विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम त्वचेवर येताच उडून जातो, कपाळ कोरडे दिसते, सदरा ओला होत नाही, आणि मुंबईच्या दमट उन्हाळ्यात निथळणारे शरीर पाहून जी सावधगिरी आपोआप सुचते ती येथे सुचत नाही. बारा किलोच्या मुलाच्या शरीरातून ६०० मिलिलिटर पाणी, म्हणजे घरातले तीन पेले, कमी झाले की त्याने वजनाच्या पाच टक्के गमावलेले असतात आणि एवढे निर्जलीकरण वैद्यकीयदृष्ट्या दखल घेण्याजोगे मानले जाते.

एसटीच्या खिडकीजवळची जागा मुलाला देणे हा प्रेमाचा भाग झाला. भौतिकशास्त्र मात्र तेथे साथ देत नाही. वाऱ्याने घाम लवकर वाळतो हे खरे असले, तरी ४३ अंशांचा वारा वेगाने अंगावर आला की त्वचेला मिळणारी उष्णताही वाढते, आणि ज्याच्याकडे जास्तीचा घामच नाही त्याला त्या वाऱ्याचा फायदा न होता तोटाच होतो. जुन्या बायका मुलाच्या अंगावर ओले सुती फडके टाकून बसतात तो उपाय येथे अचूक लागू पडतो, कारण उडणारे पाणी मुलाच्या शरीरातून न जाता तांब्यातून जाते. कोरडी हवा, जी एरवी वैरी, ती अशा वेळी कामी येते, आणि घराघरांतला वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही याच तत्त्वावर चालतो. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही या समजुतीला मात्र असा कोणताही आधार नाही. तो कांदा जेवणात खाल्लेला चांगला. दुचाकीवर टाकीपुढे मूल बसवून लांबचा पल्ला गाठणाऱ्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२२ मध्ये दुरुस्ती झाली असून नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा पट्टा आवश्यक केला आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत मर्यादित ठेवला आहे. या वेगाने वाशीम ते अकोला अंतर भर उन्हात किती वेळ चालेल याचा विचार केला, तर असा प्रवास दुपारी करूच नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

चारचाकीत वातानुकूलन असते म्हणून धोका संपला असे नाही. तो गाडी थांबते तेव्हा सुरू होतो. मे महिन्यात २० तारखेच्या आसपास वाशीमच्या अक्षांशावर सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि निरभ्र दुपारी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊर्जा पडते. काचेतून दृश्य प्रकाश आणि त्याजवळचे अवरक्त किरण आत शिरतात, काळा डॅशबोर्ड आणि आसने ते शोषून तापतात, पण तापलेल्या वस्तूंनी सोडलेले दीर्घ लांबीचे अवरक्त किरण काच बाहेर जाऊ देत नाही आणि बंद दारांमुळे गरम हवाही कोंडून राहते. काचांतून एक चौरस मीटरभर ऊन जरी आत आले, तरी गाडीत हजार वॅटची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखेच आहे. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीच्या आतील तापमान तासाभरात सरासरी सुमारे २२ अंशांनी वाढले, त्यातील जवळपास ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. ‘झोपलंय तर झोपू द्या, पाच मिनिटांत दर्शन घेऊन येतो’ या वाक्यातली पाच मिनिटे रांगेत किती लांबतात हे पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेला गेलेल्या कोणालाही ठाऊक असते. अमेरिकेत १९९८ पासून दरवर्षी सरासरी ३७ मुले अशा रीतीने गाडीत दगावली आहेत. भारतात मात्र वरचेवर कानावर येणारा प्रकार निराळा आहे. अंगणात उभी असलेली, कुलूप न लावलेली गाडी खेळता खेळता मुले उघडतात, आत शिरतात आणि दार आतून उघडता न आल्याने अडकतात. लग्नघरासमोर पाहुण्यांच्या पाच-सात गाड्या उभ्या असतात, तेथे प्रत्येक गाडी कुलूपबंद आहे ना हे एका जबाबदार माणसाने पाहणे आवश्यक ठरते.

धावत्या गाडीतही ऊन कोणत्या बाजूने येते हे पाहावे लागते. समोरची काच दोन थरांची असते आणि तिच्या मधल्या पापुद्र्यामुळे बहुतेक अतिनील किरण अडतात. बाजूच्या साध्या काचांतून मात्र त्यांचा बराच भाग आत येतो आणि आतील हवा २५ अंशांची असली तरी थेट उन्हातली मांडी भाजत राहते. अकोला-वाशीम-हिंगोली-नांदेड हा मार्ग साधारण उत्तर-दक्षिण जातो. दुपारनंतर नांदेडकडे निघालेल्या गाडीच्या उजव्या बाजूला पश्चिमेचे ऊन असते, म्हणून मुलाचे आसन डावीकडे, आणि सकाळी याच दिशेने जाताना उजवीकडे असावे. मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड ठरवला आहे. त्या सीटचे बक्कल उन्हात तापलेले असते, ते मुलाला टेकवण्याआधी हाताने चाचपावे, आणि सीटवर चादर पूर्ण पांघरून आडोसा करू नये, कारण त्याखाली हवा खेळत नाही.

समृद्धी महामार्गाने या प्रवासाचे स्वरूप बदलले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा हा रस्ता खुला झाला. तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. वेळ वाचतो, पण जुन्या रस्त्यांच्या कडेची कडुलिंबाची आणि चिंचेची सावली, रसवंती, हापशी येथे भेटत नाही, त्यामुळे पाण्याची सोय निघतानाच करावी लागते. टायरचा हिशेबही निराळा होतो: सकाळी ३० अंशांवर भरलेली ३३ पौंड हवा टायर ६० अंशांपर्यंत तापल्यावर ३७-३८ पौंडांवर जाते. ही वाढ टायरच्या रचनेत गृहीत धरलेली असते, म्हणून गरम टायरमधून हवा काढणे चुकीचे. कमी हवेचा टायर चालताना अधिक दबतो, अधिक तापतो आणि तोच फुटण्याची शक्यता अधिक असते.

पाण्याबाबत वय निर्णायक आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला वरचे पाणी देऊ नये. त्याला अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे आणि आईने स्वतः भरपूर प्यावे. मोठ्या मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला घोट-घोट पाजावे. सहा तासांत लघवी झाली नाही, ती गडद पिवळी झाली, रडताना डोळ्यांत पाणी आले नाही किंवा तान्ह्या बाळाची टाळू खोल गेली, तर पाणी कमी पडले असे समजावे. जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे, तत्त्व आतड्याच्या एका गुणावर उभे आहे: आतड्याच्या अस्तरातील प्रथिन सोडियम आणि ग्लुकोज एकत्रच आत ओढते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, म्हणून मीठ आणि साखर योग्य प्रमाणात असावी लागते. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना हे द्रावण पाजून मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आणले. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक चांगलेच. अति गोड शीतपेये मात्र आतड्यात उलट पाणी ओढून घेतात. अशाच गोड पेयांच्या खोक्यांवर ‘ओआरएस’ छापण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

एवढे करूनही मूल निपचित पडले, असंबद्ध वागू लागले, त्याला झटका आला आणि अंग विलक्षण तापले, तर तो उष्माघात समजावा. शरीराच्या आतील तापमान ४० अंशांवर जाऊन मेंदूच्या कार्यात बिघाड होणे अशी त्याची व्याख्या आहे. तापात मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग स्वतःच शरीराचे तापमान वर नेऊन ठेवतो आणि पॅरासिटामॉल त्यालाच खाली आणते. उष्माघातात हायपोथॅलॅमसची तशी आज्ञाच नसते, उष्णता केवळ बाहेर पडू शकलेली नसते, म्हणून तापाचे औषध देण्यात गेलेला वेळ वाया जातो. मुलाला सावलीत घेऊन कपडे काढावेत, हाती असेल ते पाणी अंगभर ओतावे, पुठ्ठ्याने किंवा शेल्याने सतत वारा घालावा, शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, आणि १०८ वर फोन लावून रुग्णवाहिका येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये.