कमल रणदिवे यांना फक्त पुरस्कारांनी ओळखू नका

खारघरमध्ये टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे, तिला सगळे 'ॲक्ट्रेक' म्हणतात. वाशीच्या सेक्टर १०एमध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेची इमारत आहे. तिथे नोकरदार मुलींचे वसतिगृह, पाळणाघर आणि आरोग्य केंद्र चालते. नवी मुंबईतल्या या दोन्ही ठिकाणांच्या मागच्या इतिहासात कर्करोग संशोधक डॉ. कमल रणदिवे हे नाव ठळक आहे. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी, त्यांच्या १०४व्या जन्मदिनी, गुगलने आपल्या मुख्य पानावर त्यांचे चित्र लावले आणि अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले. त्यानंतर त्यांच्यावर जे लिहिले-बोलले जाते त्यात पुरस्कारांची यादी असते, काम मात्र दोन ओळींत उरकलेले असते. काही गैरसमज त्यातूनच पसरतात.

गैरसमज: आरोग्यातले मोठे संशोधन डॉक्टरच करतात.

रणदिवे वैद्यकीय डॉक्टर नव्हत्या. त्यांनी वैद्यकाला जावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. माहेरच्या त्या समर्थ. पुण्याच्या हुजूरपागा शाळेतून फर्ग्युसन महाविद्यालयात गेल्या आणि वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्रात रमल्या. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी लग्न झाले. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. केले, विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधली गुणसूत्रे. कर्करोगाशी याचा काय संबंध, असे कुणीही विचारील. संबंध आहे तो पेशीचा. झाडाची असो वा माणसाची, पेशी कशी विभागते हे समजून घेणाऱ्याला कर्करोगाच्या दारातून आत जाता येते. मुंबईला आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या आणि १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली.

गैरसमज: त्यांनी परदेशात नाव कमावले.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या पेशींपासून प्रसिद्ध 'हेला' पेशी वाढवल्या गेल्या त्या इथेच. शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात पेशी जिवंत ठेवून वाढवण्याची विद्या रणदिवे तिथे शिकल्या आणि परत आल्या. १९५२ मध्ये खानोलकरांनी परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले होते. तिथे रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा सुरू केली. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम हेच. शोधनिबंध एकाच्या नावावर राहतो, प्रयोगशाळा पुढच्या पिढ्यांच्या हाती जाते. उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर काम करताना संप्रेरके आणि विषाणू यांच्या एकत्रित परिणामाचा विचार मांडणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत त्या होत्या. १९६६ ते १९७० या काळात केंद्राचे संचालकपदही त्यांनी हंगामी म्हणून सांभाळले. हेच केंद्र पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग झाले आणि २००२ मध्ये खारघरला आले.

गैरसमज: कुष्ठरोगाची लस रणदिवे यांनी एकटीने शोधली.

असे लिहिलेले वारंवार दिसते. खरी हकीकत याहून मोठी आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, हीच त्या आजाराच्या संशोधनातली मुख्य अडचण. हा जंतू चेतातंतूंवर हल्ला करतो, म्हणून मुंबईतल्या या गटाने चेतापेशींच्या संवर्धनाचा आधार घेतला. रुग्णांकडून मिळालेला एक जंतू तिथे वाढवता आला आणि त्याला केंद्राच्याच इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी बॅसिलस' म्हणू लागले. या कामात सी. व्ही. बापट, रणदिवे आणि खानोलकर असे तिघे होते. त्यावरून लस तयार करण्याचे काम पुढे डॉ. एम. जी. देव यांच्या काळात झाले. दक्षिण भारतात अनेक लसींची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले आणि या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के आढळले. जंतू वाढवण्यापासून या आकड्यापर्यंत चाळीसएक वर्षे गेली.

रणदिवे यांना पुरस्कार मात्र १९६४ मध्येच मिळाले होते. भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार, सुवर्णपदक आणि १५ हजार रुपये. त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रासाठी वाटुमल प्रतिष्ठानचा पुरस्कार. वनस्पतींवर एम.एस्सी. केलेल्या, कर्करोग केंद्रात काम करणाऱ्या बाईंना सूक्ष्मजीवशास्त्राचा सन्मान! १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

गैरसमज: पुरस्कार म्हणजे काम पूर्ण झाल्याची पावती.

मेंदूविज्ञानातले आजचे उदाहरण घ्या. विदिता वैद्य २००० मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. त्यांना २०१५ मध्ये भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला. भटनागर पुरस्काराला ४५ वर्षांची वयोमर्यादा होती, म्हणजे तो कामाच्या मध्यावरच मिळायचा. लहानपणी सोसलेल्या ताणाचा मेंदूवर टिकून राहणारा परिणाम हा त्यांचा विषय. सेरोटोनिनला सर्रास 'आनंदाचे रसायन' म्हटले जाते. वैद्य आणि उल्हास कोल्थूर-सीताराम यांच्या गटांनी २०१९ मध्ये दाखवले की ते चेतापेशींमध्ये ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांची संख्याही वाढवते. नैराश्य समजून घ्यायला ही नवी वाट आहे, उपचार अजून दूर आहे. पुरस्काराची बातमी वाचून 'आता औषध कधी येणार?' असे विचारणे संशोधकांवर अन्याय करणारे आहे.

एकट्याच्या नावाने सन्मान देण्याची चौकट आता थोडी सैल होते आहे. केंद्र सरकारच्या नव्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत 'विज्ञान टीम' हा गटासाठीचा पुरस्कार आहे आणि २०२४ मध्ये तो चांद्रयान-३च्या चमूला मिळाला. आरोग्य संशोधनाला अशा सन्मानाची गरज अधिक आहे, कारण तिथे एकट्याचे काम जवळपास नसतेच.

गैरसमज: निवृत्तीनंतर वैज्ञानिकाचे काम संपते.

१९७३ मध्ये महिला वैज्ञानिक संघटना स्थापणाऱ्यांत रणदिवे होत्या. लग्न, बाळंतपण, बदली यांत किती शिकलेल्या बायकांचे काम सुटते हे त्यांच्या पिढीने जवळून पाहिले होते, त्यामुळे वाशीच्या इमारतीतले पाळणाघर मला विज्ञानाच्या कामाचाच भाग वाटते. निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, राजूर परिसरात गेल्या. तिथे त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला आणि गावातल्या बायकांना आरोग्य व आहाराचे प्रशिक्षण दिले. या कामाचा उल्लेख त्यांच्या पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही.